वाऱ्यात खेळल्याने मुलांचे कान बिघडतात का?

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. गेल्या वर्षभरात त्याचा कान तीन वेळा ठणकला आणि त्यांपैकी एकदा फुटून वाहिलाही. तिन्ही वेळा आदल्या एक-दोन दिवसांत तो भरपूर वाऱ्यात खेळून आला होता. कानात वारा शिरल्यामुळेच हे होते, असे सासूबाईंचे ठाम मत आहे. त्यामुळे वारा सुटला की त्याला घरातच ठेवायचे आणि बाहेर न्यायचेच झाले तर कानांत कापसाचे बोळे घालून वर कानटोपी चढवायची, असा आमच्याकडे नियमच झाला आहे. त्याच्या बालवाडीचे मैदान उघड्यावर असून तिथे वारा कायम असतो. त्याला मैदानावर नेऊ नका, असे बाईंना सांगावे का? सर्दी तर त्याला सतत असतेच, पण ती वेगळी गोष्ट. हल्ली खेळात इतका रमतो की दोन-तीनदा हाक मारल्याशिवाय वळत नाही. वाऱ्याचा आणि कानाचा खरोखर काही संबंध आहे का?

उत्तर : आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. थंड, जोराचा वारा लागून मुलांचा कान काही वेळ दुखू शकतो. परंतु वाऱ्यामुळे कानात पू होत नाही आणि कान फुटत नाही. त्याला मैदानावर अवश्य जाऊ द्यावे. मात्र आपल्या पत्रात दोन वाक्ये आपण जाता जाता लिहिली आहेत, एक सतत असणाऱ्या सर्दीविषयी आणि दुसरे हाकेला ओ न देण्याविषयी, आणि माझ्या मते या पत्रातील सर्वांत महत्त्वाची वाक्ये तीच आहेत. त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण आधी वाऱ्याचा प्रश्न नीट समजून घेऊ, कारण घरातील वडीलधाऱ्यांना पटेल असे कारण सांगितल्याखेरीज घरातला नियम बदलत नाही.

बाहेरून दिसणाऱ्या कानाच्या छिद्रातून आत गेले की मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर लांबीची आणि मुलांमध्ये त्याहून आखूड अशी एक वळणदार नळी लागते. ही नळी आतल्या टोकाला बंद असते, कारण तिथे कानाचा पडदा असतो आणि तो धड असेल तर चौकटीत बसवलेल्या काचेसारखा हवेला पलीकडे जाऊ देत नाही. पडद्याच्या मागे मधला कान, म्हणजे तीन नाजूक हाडांची साखळी असलेली हवेची एक छोटीशी पोकळी असते. मुलांचा कान ठणकतो, ताप येतो, पडदा फुगतो आणि कधी कधी फुटून पू वाहतो, तेव्हा तो पू या मागच्या पोकळीत झालेला असतो. बाहेरचा वारा तिथवर पोहोचत नाही. तिथे पोहोचण्याची वाट नाकाच्या मागून आहे. नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानाकडे एक अरुंद नळी जाते. तिला कंठकर्णनलिका म्हणतात आणि लहान मुलांच्या बहुतेक कानदुखीची सुरुवात याच नळीपाशी होते.

मग वाऱ्यात खेळून आलेले मूल कानावर हात ठेवून रडते, ते खोटे असते का? मुळीच नाही. कानाच्या पाळीवर चरबीचे आवरण जवळजवळ नसते आणि कानाच्या नळीच्या आतल्या भागात अतिशय पातळ त्वचा थेट हाडावर ताणून बसवलेली असते. या एवढ्याशा जागेला चेहऱ्याकडून, घशाकडून आणि मानेकडून येणाऱ्या अनेक नसा संवेदना पुरवतात. कानात काडी फिरवताच काही जणांना खोकल्याची उबळ येते, ती त्यामुळेच. अशा त्वचेवर गार वाऱ्याचा झोत सतत आदळला की ती झपाट्याने गार पडते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि खोलवर कळ आल्यासारखे वाटते. या दुखण्याची ओळख अशी की, ते बहुधा दोन्ही कानांत किंवा वाऱ्याकडच्या बाजूस असते, वाऱ्यात असतानाच सुरू होते, उबेत आल्यावर थोड्या वेळात ओसरते, आणि त्याच्या सोबतीला ताप, स्राव किंवा रात्रीचा ठणका नसतो. पाळी लाल होते आणि गरम लागते, कारण आकसलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा उघडतात. हे दुखणे खरे असले तरी त्यातून कानाचा आजार उद्भवत नाही.

पडदा धड असण्याची अट मी वर घातली, ती आपल्या मुलाच्या बाबतीत लक्षात ठेवावी लागेल, कारण त्याचा कान एकदा फुटलेला आहे. फुटलेला पडदा बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. पण भोक राहिले असेल तर गार हवा किंवा गार पाणी सरळ मधल्या कानात शिरते. आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्यांपैकी एक तिथून अगदी जवळ असते आणि ती एका बाजूने गार पडली की गरगरल्यासारखे होते. कानात गार किंवा कोमट पाणी सोडल्यावर डोळ्यांच्या बाहुल्या एका ठरावीक पद्धतीने हलतात, हे रॉबर्ट बारानी यांनी अभ्यासून दाखवले आणि तोल राखणाऱ्या या यंत्रणेवरील कामासाठी त्यांना १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा वाऱ्यात आपल्या मुलाला चक्कर येते का, तो त्या वेळी अडखळतो का, हे विचारून आणि पाहून ठेवावे. आणि कान फुटल्यानंतर पडदा पूर्ण भरून आला की नाही हे डॉक्टरांनी पाहिले नसेल, तर ते पाहून घ्यावे. वर्षानुवर्षे थंड पाण्यात आणि वाऱ्यात लाटांवर खेळणाऱ्या प्रौढांच्या कानाच्या नळीत हाडाची वाढ होऊन ती अरुंद होते, हेही खरे आहे. परंतु मैदानावर खेळणाऱ्या मुलाशी त्याचा काही संबंध नाही.

आता आपल्या घरातील सर्वांनी तिन्ही वेळा जे पाहिले, त्याकडे वळतो. आधी वारा, मग एक-दोन दिवसांत ठणका. हा क्रम डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे सासूबाईंना त्यात शंका वाटत नाही आणि त्यांचे निरीक्षण चूकही नाही. फक्त त्यात सर्दी मोजलेली नाही. मधल्या कानात पू कसा होतो, ते पाहा. विषाणूंमुळे सर्दी होते, नाकाच्या आतले अस्तर सुजते आणि त्याबरोबर कंठकर्णनलिकेचे तोंडही सुजून बंद होते. मधल्या कानातील हवा हळूहळू शोषली जाते, नवी हवा येत नाही, आतला दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो आणि पोकळीत पाणी साचू लागते. नाकाच्या मागे एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जिवाणू त्या साचलेल्या पाण्यात वाढले की पू होतो आणि पडदा ताणला जाऊन ठणका सुरू होतो. ही सगळी प्रक्रिया एका संध्याकाळच्या वाऱ्याने होत नाही. सर्दी सुरू झाल्यापासून बहुधा काही दिवस, साधारण पहिल्या आठवड्याच्या आत, ती पूर्ण होते. म्हणजे आज संध्याकाळी मूल वाऱ्यात खेळले आणि उद्या रात्री कान ठणकला, तर त्याची तयारी मूल मैदानावर पोहोचण्याआधीच सुरू झालेली असण्याची शक्यता फार मोठी. शेंबूड वाहत असला तरी चार वर्षांचे मूल मजेत पळते. वारा सगळ्यांच्या लक्षात राहतो, आणि सतत असणारी सर्दी नेहमीचीच म्हणून कोणी मोजत नाही. ठणका रात्रीच का वाढतो, याचेही कारण इथेच आहे. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तसंचय वाढतो, नळी आणखी बंद होते आणि लक्ष दुसरीकडे वळवायला काही उरत नाही.

मोठ्यांना सर्दी झाली तरी त्यांचा कान क्वचितच फुटतो, मुलांचाच का, हा प्रश्न आपल्या मनात येईल. तान्ह्या बाळाची कंठकर्णनलिका मोठ्या माणसाच्या नळीच्या निम्म्या लांबीची, म्हणजे दोन सेंटीमीटरांहूनही कमी असते आणि ती जवळजवळ आडवी असते. मोठ्यांमध्ये ती सुमारे ४५ अंशांनी उतरती असते. आखूड आणि आडव्या नळीतून नाकातील स्राव कानाकडे सहज चढतो. त्यातच साधारण तीन ते सात वर्षांच्या काळात नाकामागच्या गाठी, ज्यांना ॲडिनॉइड म्हणतात, सर्वांत मोठ्या असतात आणि त्या नळीच्या तोंडाशीच बसलेल्या असतात. सहा-सात वर्षांनंतर नळी लांब आणि तिरकी होते, गाठी लहान होऊ लागतात, आणि पुन्हा पुन्हा होणारी कानदुखी बहुतेक मुलांमध्ये मागे पडते. आपला मुलगा त्या वयाकडेच चालला आहे.

वाऱ्याचा आणि कानाचा आडवळणाने येणारा एक संबंध मात्र मला मान्य आहे. वारा धूळ आणि परागकण उडवतो. ज्या मुलाला त्यांची ॲलर्जी असते, त्याचे नाक वाऱ्याच्या दिवशी चोंदते, शिंकांची माळ लागते, डोळे खाजतात, नाक तळहाताने वर चोळण्याची सवय लागते आणि चोंदलेल्या नाकामुळे नळी बंद होऊन कानात दडा बसतो. आपल्या मुलाची सतत असणारी सर्दी अशी आहे का, हे पाहण्यासारखे आहे. पातळ, पाण्यासारखे नाक, खाज, ताप नाही आणि ठरावीक ऋतूत किंवा धुळीत त्रास वाढतो, असे चित्र असेल तर उपचार नाकावर करावा लागतो. कान झाकून परागकण नाकात जायचे थांबत नाहीत. याउलट घट्ट, पिवळसर शेंबूड, मधूनच ताप आणि बालवाडीतल्या इतर मुलांनाही तेच, असे असेल तर ती एकामागोमाग होणारी विषाणूंची सर्दी आहे. ती बंद खोलीत, एकमेकांच्या श्वासातून आणि हातांवरून पसरते. त्यामुळे वारा आहे म्हणून सर्दीने भरलेल्या वर्गात मुलाला बसवून ठेवले, तर कानाच्या दृष्टीने आपण त्याला कमी सुरक्षित जागी ठेवत असतो.

वादळी हवेत हवेचा दाब कमी होतो आणि त्यामुळे कानाला इजा होते, असेही काही पालक सांगतात. हवामानातील बदलाने दाबात पडणारा फरक बहुधा तासन्‌तास रेंगाळत होतो आणि तो एखाद्या उंच इमारतीत लिफ्टने शंभर-दोनशे मीटर वर जाताना पडणाऱ्या फरकाएवढाच असतो. विमानातला फरक याच्या कितीतरी पट मोठा असतो, म्हणूनच तिथे सर्दी झालेल्या मुलाचे कान दुखतात. वाऱ्याचा आवाज हा मात्र कानाचा खरा शत्रू होऊ शकतो, पण तो मैदानावरचा नव्हे. वेगात धावणाऱ्या मोटारसायकलवर हेल्मेटच्या आतही वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि लांबच्या प्रवासात मुलाचा कान उघड्या खिडकीशी तासन्‌तास ठेवणेही टाळलेले बरे.

आता कानटोपी आणि कापसाचा बोळा. कानटोपी जरूर घालावी. गार वाऱ्यातले दुखणे ती खरोखर थांबवते, आणि सासूबाईंचा आग्रह तेवढ्यापुरता अगदी योग्य आहे. धावून घाम आला की ती काढू द्यावी, आणि घरात तान्हे बाळ असल्यास त्याला झोपताना टोपी घालू नये, कारण बाळे डोक्यावाटे उष्णता सोडतात. कापसाचा बोळा मात्र बंद करावा, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. खेळताना तो आत सरकतो, त्याचा तंतू किंवा तुकडा आत राहतो, घामाने ओला झाला की नळीची त्वचा भिजत राहून तिथे वेगळाच दाह होतो, आणि कान वाहत असेल तर पू आत कोंडला जातो. कानातील मळ ही घाण नाही. तो धूळ पकडतो, पाण्यापासून त्वचेचे रक्षण करतो आणि त्वचेच्या बाहेर सरकण्याच्या गतीने आपोआप बाहेर येतो. बोळा आणि काडी तोच मळ आत ढकलतात. शिवाय ज्या मुलाला कदाचित आधीच कमी ऐकू येत आहे, त्याच्या कानात बोळा घालून आपण उरलेला आवाजही अडवतो.

यापुढे रात्री कान ठणकला तर आधी वेदना थांबवावी, कारण घरी करण्यासारखे सर्वांत उपयोगी काम तेच आहे. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनाच्या हिशेबाने, दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, किमान चार ते सहा तासांच्या अंतराने आणि २४ तासांत चारपेक्षा अधिक वेळा नाही, असे देता येते. बाटलीवरील तीव्रता वाचून मात्रा डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्यावी आणि तो कागद औषधांच्या डब्यातच ठेवावा. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. कानात गरम तेल घालू नये. पडदा फुटलेला असला तर ते सरळ मधल्या कानात जाते, आणि तेल किती गरम आहे याचा अंदाज चुकून त्वचा पोळते. डोके उशीने थोडे उंच करावे. अँटिबायोटिक पहिल्याच दिवशी हवेच, असे नाही. दोन वर्षांवरील, एरवी निरोगी आणि फार त्रास नसलेल्या मुलाला दोन-तीन दिवस वेदनाशामक देऊन, डॉक्टरांच्या संपर्कात राहून वाट पाहता येते आणि बरीच मुले तेवढ्यात बरी होतात. परंतु सहा महिन्यांखालील बाळ, ३९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, कान वाहणे, किंवा दोन-तीन दिवसांत उतार न पडणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जावे. कानाच्या मागे सूज व लाली येऊन पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, मान ताठ होणे, किंवा मूल सुस्त होऊन जागे न होणे, यांत एक रात्रही थांबू नये.

पुन्हा पुन्हा होणारा त्रास कमी करण्यासाठी आपल्या हातात काय आहे, असे विचाराल तर मी वाऱ्याच्या कितीतरी आधी धुराचे नाव घेईन. घरात किंवा गाडीत कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल, तर त्या धुराने नाकाचे आणि नळीचे अस्तर सुजते व त्यातील स्राव पुढे ढकलणारे सूक्ष्म केस मंदावतात. मुलांच्या कानदुखीशी असलेला हा संबंध सुस्थापित आहे आणि खिडकी उघडून तो टळत नाही. न्यूमोकोकलची लस वेळापत्रकाप्रमाणे झाली आहे ना, हे पाहावे आणि दरवर्षीच्या इन्फ्लूएन्झाच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारावे. चोखणी असेल तर ती आता सोडवावी, झोपून बाटलीने दूध पिण्याची सवय मोडावी, आणि शेंबूड काढताना दोन्ही नाकपुड्या एकदम दाबून जोराने फुंकायला लावू नये, एका वेळी एकच नाकपुडी मोकळी करावी. रात्री तोंड उघडे ठेवून घोरत असेल तर नाकामागच्या गाठी तपासून घ्याव्यात.

आणि आता ते दुसरे वाक्य. हाका मारूनही मूल वळत नाही, हे रमण्यामुळे असू शकते. पण ज्या मुलाचा कान वर्षात तीनदा ठणकला आहे आणि ज्याला सतत सर्दी आहे, त्याच्या बाबतीत मी ते रमण्याच्या खात्यावर टाकणार नाही. पू बरा झाल्यावरही मधल्या कानात पाणी साचून राहते. एका महिन्यानंतर ते साधारण ४० टक्के मुलांमध्ये आणि तीन महिन्यांनंतर सुमारे १० टक्के मुलांमध्ये आढळते. हे पाणी दुखत नाही, ताप आणत नाही, म्हणून घरात कोणाला कळत नाही. ते फक्त पडद्याचे थरथरणे मंद करते आणि मुलाला कानात बोटे घातल्यासारखे अंधुक ऐकू येते. अशी मुले टीव्हीचा आवाज वाढवतात, ‘काय?’ असे वारंवार विचारतात, समोर तोंड असले की बरोबर उत्तर देतात आणि पाठ असली की नाही, गोंगाटात गोंधळतात, आणि कधी कधी हट्टी किंवा दुर्लक्ष करणारी म्हणून बोलणी खातात. एक साधी गोष्ट घरी करून पाहावी. तो शांतपणे बसलेला असताना, त्याला न दिसता मागे हातभर अंतरावर उभे राहून कुजबुजत्या आवाजात त्याच्या आवडत्या वस्तूचे नाव घ्यावे. हे एकदा उजव्या आणि एकदा डाव्या बाजूने करावे. त्याने ओळखले तरी तपासणी टाळू नये, पण ओळखले नाही तर ती लांबवू मुळीच नये.

कान-नाक-घसा तज्ज्ञ पडदा पाहतील आणि टिम्पॅनोमेट्री नावाची चाचणी करतील. तिच्यात कानात एक मऊ टोक काही सेकंद ठेवून पडदा किती हलतो ते मोजतात आणि ती दुखत नाही. सोबत त्याच्या वयाला साजेशी श्रवणचाचणी करून घ्यावी. वाढदिवसांपेक्षाही नीट जपावी अशी एक नोंद त्या भेटीला बरोबर न्यावी : प्रत्येक ठणक्याची तारीख, त्याआधी सर्दी कधी सुरू झाली, कोणता कान, कोणते औषध. पाणी आढळले आणि ऐकणे फार कमी झालेले नसले तर तीन महिने वाट पाहून पुन्हा तपासतात, कारण बहुतेक वेळा ते आपोआप ओसरते आणि अँटिबायोटिकने किंवा ॲलर्जीच्या गोळ्यांनी त्याला विशेष फरक पडत नाही. त्या तीन महिन्यांत त्याच्याशी जवळ जाऊन, समोर बसून, टीव्ही बंद करून बोलावे, आणि बालवाडीच्या बाईंना त्याला पुढे बसवण्याची विनंती करावी. पाणी दोन्ही कानांत टिकून राहिले आणि ऐकणे किंवा बोलणे मागे पडू लागले, तर पडद्यात हवा खेळती ठेवणारी अगदी छोटी नळी बसवतात. ती बहुधा सहा महिने ते दीड वर्षात आपोआप निघून येते आणि बसवल्यावर ऐकण्यात पडलेला फरक बरेचदा काही दिवसांतच जाणवतो.